अधिक श्रावणातली बटेरं

माझा नवरा आठ महिने अमेरिकेत राहून परत आला. लोकांचे नवरे येताना चॉकलेटं आणतात, अत्तर आणतात, निदान विमानातले चमचे तरी ढापून आणतात. विश्वजीतने तत्त्व आणलं.

तत्त्व असं, की माणसाने मांस खावं, पण ते स्वतः वाढवलेलं असावं आणि स्वतःच्या हाताने, त्या जिवाला न घाबरवता, न दुखवता मारलेलं असावं. नाहीतर खाऊच नये. ओहायोत त्याच्या ऑफिसातला कुणी गोरा परसात बटेरं पाळायचा, स्वतः कापायचा, साफ करायचा आणि फ्रीझरला लावायचा. ते बघून आमच्या माणसाचे डोळे उघडले. बॅगेत कपडे कमी आणि बटेरांवरचे प्रिंटआउट जास्त होते.

मी एकच प्रश्न विचारला. "तू झुरळ मारतोस का?"

"दॅट्स डिफरंट," तो म्हणाला.

काही डिफरंट नाही. झुरळ दिसलं की हा पाय खुर्चीवर घेतो आणि मला हाक मारतो. पण मी गप्प बसले, म्हणजे माझ्या मानाने गप्प बसले. माझ्या वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा आहे. भाव विचारून न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाला काय ऐकवायचं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. पुढे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेले. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते.

घर मांजरीला. सासरच्यांचा तिथे ऊस होता, त्या उसाच्या जागेवर आता आमचीच बिल्डिंग उभी आहे आणि बिल्डरने तिला 'ग्रीन मेडोज' असं नाव ठेवलंय, कारण आता तिथे हिरवं काही उरलेलं नाही. चौथा मजला आमचा आणि त्यावरची गच्चीही आमची, हे माझे सासरे रंगराव यांनी आधीच कबूल करून घेतलेलं. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही दादाच म्हणते. दादांना फ्लॅट मानवला. काम नसताना लिफ्टने खालीवर करायचे आणि वॉचमनला शेतीबद्दल सल्ले द्यायचे.

मानवला नाही तो आईंना, म्हणजे सासूबाईंना, मथुराबाईंना. मळ्यात असताना त्यांचा आवाज कॅनॉलपलीकडे ऐकू जायचा म्हणे. म्हशींशी बोलायच्या, कोंबड्यांशी भांडायच्या, बांधावरून जाणाऱ्याला उभं करून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. मळा गेला, म्हशी विकल्या, कोंबड्या वाटून टाकल्या. चौथ्या मजल्यावर आल्या आणि बोलणंच थांबलं. चहा हवा का? हं. दुखतंय का काही? हं. हडपसरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून खाली पार्किंगकडे बघत बसायच्या. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. लग्नात मला वाटलं होतं, आता भांडायला हक्काची सासू मिळाली. आणि बघते तर सासू बोलतच नाही. मला फार वाईट वाटायचं, खरंच सांगते.

जूनच्या अखेरीस विश्वजीतने हॅचरीतून रीतसर पावती घेऊन बटेरांची पिल्लं आणली. ही जपानी बटेरं. आपल्या रानातली लावरी वेगळी आणि तिला धरायला बंदी आहे, हे त्याने दादांना पुन्हा पुन्हा समजावलं, कारण खोकं बघताच दादांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"लावरीच की रं ही," दादा म्हणाले. "आपल्या उसात लई असायच्या. काय चव तिची, काय सांगू तुला."

पिल्लं अंगठ्याएवढी. गच्चीवरच्या खोलीत खोकं ठेवलं, वर बल्ब टांगला, आत थर्मामीटर लावला. विश्वजीत प्रिंटआउट धरून उभा, दादा वाकून बघतायत, आणि पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून ओरडतायत. आई जिना चढून कधी वर आल्या ते कळलंच नाही.

"बल्ब खाली घे," त्या म्हणाल्या. "गारठल्यात ती."

आम्ही तिघंही वळून बघत राहिलो.

"आन पाण्याच्या ताटलीत खडं टाक. बुडून मरतील."

विश्वजीतने खिशातून काचेच्या गोट्या काढल्या. प्रिंटआउटमध्येही तेच होतं, ताटलीत गोट्या टाका. पण त्या टाकताना तो आईकडेच बघत होता, निम्म्या गोट्या ताटलीबाहेर पडल्या. आईचं अख्खं वाक्य त्याने किती महिन्यांनी ऐकलं होतं कुणास ठाऊक. दादांनी खिडकीकडे तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतली खुर्ची गच्चीवर गेली. आठवड्याभरात गच्चीवरून आवाज यायला लागला. "ए भवाने, दुसरीला खाऊ दे की जरा." "हिचा तोरा बघा, जशी काय पाटलाची सून." मग पाखरांवरून गोष्ट मळ्यावर जायची, मळ्यावरून माणसांवर, आणि कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं इथपर्यंत सगळं बटेरांना ऐकवलं जायचं. मी ऑफिसातून आले की आधी जिन्यात उभी राहून ऐकायचे. पुढे त्या बटेरांना सोडून मलाही बोलायला लागल्या. माझी पोळी जाड होते, हे त्यांनी मला एका बुधवारी सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी उलट बोलले नाही.

आता अडचण अशी की बटेर सहा आठवड्यांत कापायला तयार होतं. विश्वजीतने लॅपटॉपवर सगळा आराखडा केला होता. पंधरा ऑगस्ट, रविवार, गटारी. म्हणजे श्रावण लागायच्या आदला दिवस, सगळा महाराष्ट्र खाऊन घेतो तो. दादांची एकच तक्रार होती, की नेमका पंधरा ऑगस्टला ड्राय डे असतो आणि सरकारला ना जनाची लाज, ना मनाची. पण मसाला कोणता, रस्सा किती, याची चर्चा ते रोज जेवताना करायला लागले होते.

आणि मी दिवस मोजायला लागले होते. बटेरं संपली की खुर्ची परत गॅलरीत येणार. परत हं. मला ते नको होतं. बटेरांचं मला काही पडलेलं नव्हतं. मी मंडईतली आहे, तळलेल्या बटेराला मी नाही म्हटलं नसतं. पण आईंचा आवाज पुन्हा जाणार असेल तर कुठल्याही रश्शाची मला गरज नव्हती. आता हे विश्वजीतला सांगितलं असतं तर तो समुपदेशनावरचे प्रिंटआउट घेऊन आला असता. दादांना सांगण्यात अर्थ नव्हता, ते पोटाने विचार करत होते.

उपाय सापडला तो वडिलांच्या फोनमुळे. जुलैत एका संध्याकाळी खुशीत फोन केला त्यांनी. "यंदा दोन श्रावण गं," म्हणाले. "आधी अधिक, मग निज. दोन महिने भाजीला उठाव. आपली दिवाळी आहे."

मी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. खरंच की. विश्वजीतने आराखडा केला होता तो ऑफिसच्या कॅलेंडरवरून, आणि त्यात अधिक महिने नसतात. ऑगस्टमध्ये लागतो म्हणून जो श्रावण त्याने धरला होता, त्याच्या आधी आणखी एक अख्खा श्रावण उभा होता, आणि तो येत्या रविवारीच लागत होता. एवढा सुंदर बग मला नोकरीतसुद्धा कधी सापडला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "अहो," मी विश्वजीतला म्हणाले. दादांसमोर तो अहो असतो, एरवी अरे. "रविवारपासून श्रावण लागतोय. यंदा आपण पाळूया."

दादांचा घास हातातच राहिला. "आगं अधिक हाय तो. धोंड्याचा महिना. जावयाला जेवू घालायचं, अनारसं द्यायचं, संपलं. तो कुणी पाळतंय व्हय?"

"श्रावण नाही, तर मग त्याला श्रावण म्हणतात कशाला, दादा?"

"माझ्या बापानं कधी पाळला न्हाई."

"तुमच्या वडलांच्या वेळी चौथा मजला होता का?"

या वाक्याला काडीचा अर्थ नव्हता. पण असल्या वाक्याला उत्तरही देता येत नाही, हे मंडईत सिद्ध झालेलं आहे. दादांनी घास ताटात ठेवला. मग सगळे आईंकडे बघायला लागले. आई माझ्याकडे बघत होत्या, जरा जास्तच वेळ.

"मनापासून करतीयास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पाळू. मी बी धरते तुझ्यासंगं."

विश्वजीत म्हणाला, "ओह, म्हणजे माझं शेड्यूल पूर्ण कोसळलं," आणि इतक्या आनंदाने म्हणाला की त्याने वर भात मागून घेतला. त्या दिवशी मला कळलं की माझा एक साथीदार आहे, आणि आपण साथीदार आहोत हे त्याला कधी कबूल करता येणार नाही.

एकदा धार्मिक व्हायचं म्हटलं की आपल्याकडे सोयी भरपूर आहेत. अधिक श्रावण संपला, निज श्रावण लागला. तो संपतोय तोवर गणपती आले. घरात गणपती असताना गच्चीवर सुरी कोण चालवणार? मग पितृपक्ष. इथे दादांनी तोंड उघडलं, की गावाकडे काही घरांत पितरांना सामिष चालतं. मी म्हटलं, "चालत असेल. पण घरात आपण पहिल्यांदाच पक्षी कापतोय, म्हणजे नवीन काम झालं. पितृपक्षात नवीन काम सुरू करतात का?" दादांनी आयुष्यभर पितृपक्षात बैलाला नवी वेसणसुद्धा घातली नव्हती. त्यानंतर घट बसले, म्हणजे नवरात्र.

प्रत्येक वेळी विश्वजीत "अरेरे" म्हणायचा आणि सुरीला धार लावून ठेवायचा. त्या सुरीला इतकी धार झाली होती की ती बघून मलाच भीती वाटायची.

मधल्या काळात बटेरं मात्र कुणाची वाट बघत नव्हती. सहा आठवडे उलटले आणि ती अंडी घालायला लागली. ठिपक्याठिपक्यांची, चिमुकली, ढीगभर अंडी. श्रावणात अंडं चालत नाही. टाकून देणं आईंना चालत नाही. बटेरीण अंड्यावर बसत नाही, तिला त्याचं काही वाटतच नाही. मग विश्वजीतने मॉनिटरचं थर्माकोलचं खोकं घेतलं, बल्ब, पंखा, पाण्याची वाटी बसवली आणि त्यात अंडी ठेवली. तीन आठवड्यांच्या आत नवी पिल्लं. आई आता सकाळपासून वरच.

"खायची म्हणून आणली," दादा मला म्हणाले, "आन ही तर वाढायलाच लागल्यात."

नर पहाटे किरट्या आवाजात ओरडायचे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन आठवडे स्वतःचा मोबाईल दुरुस्तीला नेत होते, कारण रिंग वाजते पण कॉल दिसत नाही.

माझं म्हणाल तर मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दर बुधवारी चिकन बिर्याणी खात होते. देवाला माहीत होतं, घरी माहीत नव्हतं. एकदा आईंनी माझी ओढणी दोरीवर टाकताना नाकाला लावली. मी म्हटलं, ऑफिसात शेजारी बसते ती मुलगी खाते, तिचा वास लागतो. त्या हं म्हणाल्या, पण हा हं जुन्यातला नव्हता.

आणि त्या माझे फार लाड करायला लागल्या होत्या. पाण्याची बादली उचलू देत नसत. सकाळी केशर घातलेलं दूध, डब्यात खारीक-खोबरं. जिना सावकाश चढ म्हणायच्या. देवासमोर बसल्या की माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटलं, पाखरं वाचवल्याचे उपकार फेडतायत बिचाऱ्या. मला भरून यायचं. मी मनात स्वतःलाच नावाने म्हणायचे, संस्कृती, जमलं बघ तुला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी एकादशी आणि शनिवार, दोन्ही एकदम. तो माझा शेवटचा दिवस. रविवार उजाडला आणि कॅलेंडर कोरं होतं. मी ते तीनतीनदा पाहिलं. त्या चौकोनात नुसता दुधाचा हिशेब होता.

सकाळी गच्चीवर सगळी मांडामांड झाली. विश्वजीतने प्रिंटआउटबरहुकूम काम केलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. कापायच्या पाखरांचं खाणं आदल्या संध्याकाळपासून बंद, पाणी चालू. मेलेलं दुसऱ्याला दिसू नये म्हणून मध्ये चादरीचा पडदा. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड कापून नरसाळं केलेलं, पाखरू त्यात उलटं ठेवलं की पंख फडफडत नाहीत आणि ते शांत राहतं. बाजूला बर्फाचं पाणी, आणि ती सुरी. दादा "जरा वॉचमनला बघून येतो" म्हणून लिफ्टने खाली गेले ते गेलेच.

विश्वजीतने पहिलं पाखरू हातात घेतलं. पाखराने त्याच्याकडे बघितलं. त्याने पाखराकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बहुतेक प्रॉडक्शनमध्ये इश्यू आलाय, मला कॉल घ्यावा लागेल." फोन वाजलाच नव्हता. त्याने पाखरू अलगद खोक्यात ठेवलं आणि कठड्याला टेकून उभा राहिला, अगदी पांढराफटक.

आई जिन्यातून वर आल्या. साडीचा पदर खोचलेला. मला वाटलं, आता यांच्यासमोर यांची पाखरं जाणार, आणि आजपासून हा आवाज परत बंद. काहीतरी बोलायला हवं होतं आणि कॅलेंडर तर संपलं होतं.

"आई," मी म्हटलं, "मला कसंतरीच होतंय."

त्याबरोबर आईंनी मला धरून खुर्चीवर बसवलं. तोंडावर असं हसू की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मळमळतंय?"

"थोडंसं."

"कवापासनं? आंबट खावंसं वाटतंय का?" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. "पावली गं बाई. देवी पावली."

विश्वजीत कठड्यावरून सरळ झाला. "काय? खरंच?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे तसलं काही नाही. आई, तसलं काही नाहीये."

"न्हाई?"

"नाही."

आईंचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला. "मग एवढं धरलंस कशापायी? दोन दोन श्रावण, गणपती, पितर, नवरात्र. कवा उपास न करणारी पोर तू. म्हटलं, पाळणा हलावा म्हणून करतीया, लाजंनं बोलत नसंल. आपण बी इचारू नये. काय मागितलंस मग देवाला?"

मला खोटं काही सुचेना. मला, मंडईतल्या मुलीला.

"तुम्ही बोलावं म्हणून," मी म्हटलं. "पाखरं आल्यावर तुम्ही बोलायला लागलात. पाखरं गेली की परत गप्प व्हाल, म्हणून मी दिवस पुढे ढकलत होते."

आई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. गच्चीवर नुसता बटेरांचा आवाज. वाटलं, मीच सांगून मीच बंद केलं यांना.

मग त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"आगं ए शहाणे," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज कॅनॉलपलीकडे नक्की गेला असणार. "लावरी म्हंजी माझा जीव. लग्न होऊन आले तवापासनं मला दुसरं काय आवडत न्हाई. समोर एवढी भरल्याली पाखरं, आन मी साबूदाणा गिळत बसले तुझ्यापायी. त्यात तुझ्या ओढणीला दर बुधवारी बिर्याणीचा वास. म्हटलं, पोरीच्यानं निभत न्हाई, तिच्या वाटचं बी आपणच धरू. तू मोडायचीस आन मी दुप्पट धरायची. बुधवारी पाणीसुदिक कमी प्यायची मी."

विश्वजीत माझ्याकडे बघून म्हणाला, "बिर्याणी?" आम्ही दोघींनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी रडत होते आणि हसतही होते, आणि माझं नाक वाहत होतं. आईंनी पदराने माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा, आणि मग हात धुऊन सुरीकडे वळल्या.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मग काय त्यो करणार हाय?" विश्वजीतकडे न बघताच त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "मी कवा कापली न्हाई गं. मळ्यात मुलाणी यायचा. कोंबडी त्याला बघूनच वरडायची. परका हात त्यो. मला लई वाटायचं तवा. ही माझ्या हातावर दाणं खात्यात. माझ्या हातात बिथरणार न्हाईत. ह्यानं कागद वाचून दाखवलं तवाच मी ठरवलंय. तू नुसती शेजारी उभी रहा."

मी उभी राहिले. त्यांनी पहिलं पाखरू दोन्ही तळव्यांत घेतलं, पंख आत दाबून, आणि वर पदर टाकला. अंधार झाल्यावर ते हलायचं थांबलं. आई त्याला म्हणाल्या, "चल माझे बाय," रोज दाणे टाकताना म्हणायच्या अगदी तसंच. मग नरसाळ्यात उलटं ठेवलं, डोकं खालून बाहेर घेतलं, एका हाताने धरलं आणि सुरी एकदाच फिरवली. पाखराला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. आईंना कळलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, त्यांनी खांद्याला पुसले आणि पुढचं पाखरू घेतलं. प्रत्येकाला तेवढाच वेळ दिला. घाई केली नाही. विश्वजीतनेही स्वतःला सावरलं, चादरीच्या पलीकडे बसून तो एकेक पाखरू साफ करून बर्फाच्या पाण्यात टाकत गेला, आणि ते त्याने खरोखर नीट केलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्याचं तत्त्व पटलं. मी त्याला ते अजून सांगितलेलं नाही.

काम झाल्यावर मी खोक्यांकडे बघितलं. मोठी पाखरं निम्म्याहून कमी राहिली होती. "आता ही संपली की?" मी हळूच विचारलं.

"संपत्यात कशापायी? ह्या माद्या आन दोन नर मी बाजूला काढल्यात. थर्माकोलच्या खोक्यातली अंडी मंगळवारी फुटतील. पुढल्या खेपंला तू बी शीक. आन पाळणा हलवायचा असंल तर ते येगळं सांग, त्याला उपास करून भागत न्हाई."

विश्वजीत बर्फाच्या पाण्यात फार लक्षपूर्वक बघायला लागला.

रस्सा आईंनी केला. वास जिन्यात उतरल्याबरोबर दादा लिफ्टने वर आले. विश्वजीत ताटावर बसला आणि अडकला, कारण त्याच्याच तत्त्वानुसार ज्याने मारलं नाही त्याने खायचं नव्हतं. आईंनी निकाल दिला, साफ केलंस म्हणून अर्धा वाटा तुझा. दादा वॉचमनकडे होते, त्यांना निव्वळ रस्सा. दादांनी पुष्कळ विनवण्या केल्या तेव्हा एक तंगडी मिळाली, आणि बटेराची तंगडी म्हणजे केवढीशी. मला पहिलं वाढलं. आईंनी दोन अख्खी पाखरं खाल्ली, हाडं चोखली, बोटं चाटली, आणि घासागणिक मळ्यातल्या एकेका माणसाची गोष्ट सांगितली. जेवणं झाली, ताटं सुकली, गोष्ट चालूच.

ती अजून चालू आहे. आता त्या गच्चीवर बोलतात, लिफ्टमध्ये बोलतात, खालच्या गृहस्थांना त्यांच्या मोबाईलबद्दल बोलतात. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये असले की मागून माझ्या पोळ्यांबद्दल बोलतात, आणि ते ओहायोपर्यंत ऐकू जातं.

परवा दादा स्वयंपाकघराच्या दारात आले. मागे गच्चीवरून आवाज येतच होता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "मौनाचं बी येखादं व्रत असतंय म्हणं. चातुर्मासात का कुठं. बघ की जरा, यंदा कवा येतंय."

मी कॅलेंडर काढलं, सगळी पानं उलटली, सावकाश.

"यंदा नाहीये, दादा," मी म्हटलं.